तेलुगूतली ती वही कुठे आहे?

'ताई, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात दोन महिन्यांपूर्वी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून लागलो. जुने मास्तर रिटायर झाले, त्यांच्या जागी मी. आल्या आल्या पाळ्यांच्या वेळा बदलल्या, नवं रजिस्टर केलं, व्हॉट्सॲप ग्रुप काढला. कुठला माग बंद दिसला की त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. मास्तरांची एक वही होती, तेलुगूत लिहिलेली, ती बाजूला टाकली. कामगार तोंडावर "हो साहेब" म्हणतात आणि पाठ फिरली की आपलंच करतात. यांना शिस्त कशी लावू?'

शिस्तीचं राहू दे. बाजूला टाकली म्हणजे कुठे टाकलीस? कपाटात की भंगारात? भंगारात गेली असेल तर आधी ती शोधून आण, मग पुढचं वाच.

टॉवेलच्या मागावर दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच, असतात, एक ताठ, एक सैल, आणि सैल ताण्याचेच लूप उठतात, हे तू शिकून आला आहेस. पण तुमच्या शेडमधल्या कुठल्या मागाला किती सैल सोडायचं? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी पडली की सुती धागा तटातट तुटतो, तेव्हा कुठला माग आधी कुरकुरतो? हे कंपनीच्या माहितीपुस्तकात नसतं. ते त्या वहीत असणार. तेलुगूत आहे यात नवल काय? तेलंगणातून आलेल्या विणकरांनी पिढ्यान् पिढ्या इथला माग चालवला. शहराच्या पूर्व भागात घरोघरी आजही तेलुगू बोलतात.

तू वही टाकलीस तेव्हा जॉबरनं, म्हणजे माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या माणसानं, पाहिलं असेल, धागा गुंडाळणाऱ्या वाइंडिंगवाल्या बायकांनी पाहिलं असेल. आपल्याला जे येतं ते या साहेबाला नकोय, हे त्यांना त्याच दिवशी कळलं. मग ते तुझ्याशी वाद कशाला घालतील? 'हो साहेब' म्हणून मोकळे होतात. मला त्यांचा राग येत नाही. तुझा येतो, कारण दोन महिन्यांत तू त्यांना एक प्रश्न विचारल्याचं अख्ख्या पत्रात कुठे दिसत नाही.

उद्या पहिल्या पाळीला वही घेऊन जॉबरकडे जा. त्यांना केबिनमध्ये बोलावू नकोस, तू मागापाशी जा. म्हण, 'मला हे वाचता येत नाही, वाचून सांगाल का?' चहाच्या सुट्टीत रोज एक पान. ते वाचतील, शेजारचा म्हणेल, 'छे, त्या मागाचं आता तसं नाही, मागच्या दिवाळीला दुरुस्ती झाली.' दोन्ही लिहून घे, मराठीत, स्वतःच्या हातानं. मध्ये तोंड उघडायचं नाही, आणि 'आता हे असं चालणार नाही' तर मुळीच नाही.

ग्रुपवरचे फोटो आजपासून बंद. वही वाचून संपेपर्यंत एकही नवा नियम काढू नकोस. संपली की तू केलेल्या बदलांतले कुठले ठेवायचे, ते जॉबरला शेजारी बसवून ठरव.