सासूबाईंचा ‘जीव घाबरा होतो’, हे जीपीला कसं सांगायचं?

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका ताईंचं पत्र आलंय. सासूबाई पंचवटीतून सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्यात. ‘पित्त झालंय, जीव घाबरा होतो’ असं सारखं म्हणतात. जीपीसमोर, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरसमोर, ताईंनी त्याचं इंग्रजी केलं: भीती वाटते. डॉक्टर झोप आणि चिंतेबद्दलच विचारत राहिले. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, ‘मला काय वेड लागलंय?’

ताई, ‘जीव घाबरा होणं’ याला इंग्रजीत नेमका शब्द नाही. आपल्या नाशकात डॉक्टर ते ऐकून आधी बीपी बघतात. तिथे शरीरात काय होतं तेच सांगा: छातीत धडधडतं की दम लागतो? जेवल्यावर की जिना चढताना? पित्ताचंही तसंच. आंबट ढेकर, जळजळ, की अर्धं डोकं ठणकतं? आपण या सगळ्याला पित्तच म्हणतो. आणि छातीवर दडपण येऊन दरदरून घाम फुटला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तिथला इमर्जन्सी नंबर ९९९ लावा. बायकांचा आणि मधुमेहींचा हृदयविकार कधीकधी नुसता ‘गॅस’ वाटतो. घरात सोडा-लिंबू देण्यात वेळ जातो, याची मला फार काळजी वाटते.

दुसरं, दुभाषी तुम्ही होऊ नका. अंगावरून जाणं, लघवीचा त्रास हे सासूबाई सुनेच्या तोंडून सांगणार नाहीत, नातवाच्या तर नाहीच. अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. लेस्टरमध्ये गुजराती गृहीत धरतील, म्हणून ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा.

गंगापूर रोडला थेट स्पेशालिस्टकडे जायची आपली सवय. इंग्लंडमध्ये पुढची चिठ्ठी जीपीच देतो, आणि भेट साधारण दहा मिनिटांची असते. सगळ्यात मोठा त्रास पहिल्या वाक्यात येऊ द्या. व्हिजिटर व्हिसावरही जीपीचा सल्ला मोफत आहे. हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर मात्र बिल येऊ शकतं, तेवढा विमा बघून ठेवा.

जाताना गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या न्या. आपल्याकडची कंपनीची नावं तिथे ओळखत नाहीत. पट्टीवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव दाखवा. सासूबाई नाशिकहून नेलेला काढा किंवा भस्म घेत असतील तर तेही सांगा, त्या ‘ते काय औषध आहे का’ म्हणाल्या तरी.