अमेरिकेत चोरीची ‘फेलनी’ मर्यादा वाढवली की चोरांचं फावतं का?

अभ्यास तरी तसं सांगत नाही. (फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा; चोरलेल्या मालाची किंमत ज्या आकड्याच्या वर गेली की चोरी फेलनी ठरते, ती ही मर्यादा.) तुमचा प्रश्न बहुधा कॅलिफोर्नियातल्या दुकानलुटीचे व्हिडिओ बघून आलाय. ‘तिथे ९५० डॉलरपर्यंत चोरी माफ’ हा मेसेज आमच्याही फॅमिली ग्रुपवर फिरून फिरून येतो. माफ वगैरे काही नाही. ९५०च्या आतली दुकानातली चोरी हा मिसडिमीनर, फेलनीहून हलका पण गुन्हाच, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कडक कायद्यांसाठी मिरवणाऱ्या टेक्सासमध्ये हीच मर्यादा २०१५ पासून २,५०० डॉलर आहे! त्यावर मेसेज येत नाहीत.

मी व्हर्जिनियात राहतो. इथे १९८० साली २०० डॉलर ठरले, ते २०१८ पर्यंत तसेच. तोवर महागाई तिप्पट झाली होती. म्हणजे विधिमंडळानं बोटही न हलवता कायदा दरवर्षी कडक होत गेला. एखाद्या पोरानं कुणाचा बरासा मोबाइल उचलला की थेट फेलनी: कागदोपत्री २० वर्षांपर्यंत कैद, मतदानाचा हक्क गेला तो गव्हर्नरनं परत दिला तरच, आणि नोकरी मागायला जाईल तिथे हे प्रकरण पुढ्यात. २०१८ला मर्यादा ५०० झाली, २०२०ला १,०००. माझ्या मते ही चोरांना सवलत नव्हे, तुंबलेली दुरुस्ती.

प्यू या संस्थेनं २००० ते २०१२ दरम्यान मर्यादा वाढवणारी ३० राज्यं तपासली. चोऱ्या तिथेही घटत होत्या, मर्यादा न वाढवणाऱ्या राज्यांतही. भुरटा चोर किमतीची बेरीज करत बसत नाही. सराईत टोळ्या करतातही, पण त्यांच्यासाठी सगळ्यांचीच मर्यादा खाली कशाला आणायची? २०२४मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ९५०ला हात न लावता, आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेल्यावर पुढच्या वेळी फेलनी लावायची सोय केली. ते मला पटलं.

आता व्हिसावर येणाऱ्या आपल्या मुलांसाठी. तुमच्या राज्याची मर्यादा इमिग्रेशनवाले बघत नाहीत. चोरीसाठी वर्षाची शिक्षा झाली, अगदी स्थगित असली तरी, राज्यानं मिसडिमीनर म्हटलेला गुन्हाही त्यांच्या लेखी ‘ॲग्रॅव्हेटेड फेलनी’, म्हणजे देशाबाहेर काढण्याजोगा गंभीर गुन्हा, ठरू शकतो. म्हणूनच कॅलिफोर्नियानं मिसडिमीनरची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली. सेल्फ-चेकआउटला एखादी वस्तू स्कॅन न करता पिशवीत टाकून पकडले गेलात, तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. फौजदारी वकील ‘किरकोळ आहे, मिटवून टाकू’ म्हणाला तरीही.