उच्चारांची अ‍ॅप : इंदूरहून मँचेस्टरला निघणाऱ्यांसाठी

इंदूरहून सहकुटुंब मँचेस्टरला येण्यापूर्वी स्वतःच्या आणि मुलाच्या इंग्रजी उच्चारांसाठी कोणते अ‍ॅप वापरावे, असे आपण विचारले आहे. व्हिसा आणि परीक्षांचे नियम अधिकृत संकेतस्थळांवर आहेतच, म्हणून थेट उच्चारांकडे वळते.

एल्सा स्पीकसारखी अ‍ॅप आपले बोलणे एकेका ध्वनीगणिक तपासतात आणि चुकलेला भाग रंगाने दाखवतात. इंदूरच्या रामबागेत मराठी बोलत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यांचा खरा उपयोग मोजक्या ठिकाणीच होतो. मराठीत एकच ‘व’ असल्यामुळे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपल्या तोंडून सारखेच बाहेर पडतात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. शिवाय इंग्रजीत शब्दारंभीचा ‘प’ हवेचा झोत सोडत उच्चारतात. ओठांसमोर पातळ कागदाचा कपटा धरून ‘पॅक’ म्हणून पाहा. कपटा हलला नाही, तर इंग्रज कानाला ‘बॅक’ ऐकू येऊ शकते. आघाताचे महत्त्व याहूनही अधिक आहे : ‘हॉटेल’मध्ये जोर ‘टेल’वर हवा.

मात्र अ‍ॅपमधले इंग्रजी येथे रस्त्यावर भेटेलच असे नाही. उत्तर इंग्लंडमध्ये ‘बस’चा उच्चार ‘बुस’कडे झुकतो आणि ‘कप’चा ‘कुप’कडे. यूग्लिश या संकेतस्थळावर शब्द टाकला की व्हिडिओंतील माणसे तो वाक्यात बोलताना ऐकू येतात, आणि फोर्वोवर ठिकठिकाणच्या लोकांनी ध्वनिमुद्रित केलेले उच्चार मिळतात. जिभेआधी कान तयार करा, असे मी आग्रहाने सांगेन.

माझी मुलगी इंदूरला इंग्रजी माध्यमातच शिकत होती. येथील शाळेने तिला थोडेसे बोलते केले आणि केवळ उच्चारांवरून नवशिक्या मुलांच्या गटात बसवले. ती घरी केवढी जाड पुस्तके वाचते, हे कोणीही विचारले नाही. अर्ज, स्मरणपत्र, ‘आपला अर्ज दुसऱ्या विभागाकडे गेला आहे’ असे उत्तर आणि पुन्हा अर्ज, यात अख्खे सत्र गेले. त्या काळात ती रात्री फोनपुढे बसून हिरवा रंग दिसेपर्यंत एकच शब्द घोकत राही आणि वर्गात मात्र तोंड उघडत नसे. ते आठवले की मला आजही संताप येतो. एकटेपणाचे म्हणाल, तर तो कामाला लागले की ओसरतो. ही सल ओसरलेली नाही.

म्हणून मुलाच्या गुणपत्रकासोबत त्याने स्वतः लिहिलेल्या इंग्रजी निबंधांची वही आणा, आणि त्याचे वाचन व लेखन उच्चारांपासून वेगळे तपासावे, अशी लेखी विनंती प्रवेशाच्या वेळीच शाळेला द्या.