वाचकांचे प्रश्न : बॅरा बेटावर जाताना

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून नाशिकला राहते. मुलगी ग्लासगोला नोकरी करते आणि जूनच्या मध्यापासून सहा आठवडे मी तिच्याकडे असेन. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर अजूनही गेलिक भाषा बोलली जाते, असे वाचले होते. जिथे गर्दी नाही आणि ती भाषा, ती गाणी रोजच्या जगण्यात भेटतील, असे एखादे बेट सुचवाल का? मुलगी स्काय बेटाचा आग्रह धरते आहे. माझे गुडघे दुखतात आणि आम्ही दोघी शाकाहारी आहोत.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : स्काय सुंदर आहे आणि गेलिकमधून उच्च शिक्षण देणारे महाविद्यालयही तिथेच आहे, परंतु १९९५ मध्ये पूल झाल्यापासून तिथे थेट मोटारीने जाता येते आणि उन्हाळ्यात रस्ते पर्यटकांनी भरून जातात. आपण शांतता आणि भाषा, दोन्ही मागता आहात. म्हणून मी बॅरा बेटाचे नाव सुचवीन. बाह्य हेब्रिडीज बेटांच्या रांगेत दक्षिण टोकाला असलेल्या या बेटावर जेमतेम बाराशे माणसे राहतात. बेटाभोवती फिरणारा रस्ता सुमारे वीस किलोमीटरचा आहे, त्यामुळे गुडघ्यांना त्रास न देता मोटारीतूनही बरेच काही पाहता येते.

जायचे दोन मार्ग आहेत. ग्लासगोहून सुटणारे छोटे विमान बेटाच्या उत्तरेकडील त्राय व्होर या विस्तीर्ण पुळणीवर, ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर उतरते. भरतीला तिथल्या धावपट्ट्या पाण्याखाली जातात, म्हणून विमानाचे वेळापत्रकच भरती-ओहोटीवर बेतलेले असते. दुसरा मार्ग म्हणजे ग्लासगोहून तीन तासांच्या रेल्वेप्रवासाने ओबन गाठायचे आणि तिथून पावणेपाच तासांच्या बोटीने कॅसलबे या बेटावरील मुख्य गावी उतरायचे. जाताना बोट आणि येताना विमान, असे माझे सुचवणे आहे. कारण बोट बंदरात शिरताना समुद्रातल्या खडकावर उभा असलेला मॅकनील घराण्याचा किसिमुल किल्ला समोर येतो आणि मागे ३८३ मीटर उंचीचा हेव्हल डोंगर दिसतो, ते दृश्य विमानातून येणाऱ्याला मिळत नाही. वारा वाढला की बोट आणि विमान दोन्ही रद्द होऊ शकतात, म्हणून परतीच्या तारखेनंतर एक दिवस मोकळा ठेवावा. मोटार न्यायची असल्यास बोटीवरील जागा फार आधी राखून ठेवावी लागते.

आता मूळ प्रश्न, भाषेचा. इथे मला आपल्याला आधीच सावध केले पाहिजे. बाह्य हेब्रिडीजमध्ये २०११ च्या जनगणनेत निम्म्याहून थोडी अधिक माणसे गेलिक बोलणारी होती. २०२२ मध्ये ते प्रमाण निम्म्याच्या खाली गेले. गावांच्या पाट्यांवर गेलिक नावे दिसतील, पण दुकानात दोन बायका गेलिकमध्ये बोलत असल्या आणि आपण आत शिरलात, तर बहुधा त्या लगेच इंग्रजीकडे वळतील. तो त्यांचा तुसडेपणा नसून पाहुण्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून पाळलेला शिष्टाचार आहे, आणि त्यामागे मोठा दुखरा इतिहास आहे. १८५१ मध्ये इथल्या जमीनमालकाने शेकडो कुळांना बळजबरीने जहाजांवर चढवून कॅनडाला धाडले. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकला स्थानच नव्हते, आणि त्यानंतर कित्येक पिढ्या मुलांना शाळेत आपली भाषा गिळावी लागली. त्यामुळे ‘जरा गेलिकमध्ये काही बोलून दाखवा ना’ अशी विनंती कोणालाही करू नये, ही माझी कळकळीची सूचना आहे. त्याऐवजी आपणच दोन शब्द शिकून जावे. ‘किमर अ हा शिव?’ म्हणजे ‘आपण कसे आहात?’ आणि ‘ताहपा लीव’ म्हणजे ‘आपले आभार’. यातला ‘शिव’ हा आदरार्थी शब्द आहे. लहानांना आणि जवळच्यांना ‘ऊ’ म्हणतात. आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखाच हा भेद असल्याने तो मराठी माणसाच्या पटकन अंगवळणी पडतो, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना आपण तो पाळलात तर त्यांच्या लगेच लक्षात येईल.

दोन दिवसांत हे काही घडत नाही. चार-पाच रात्री तरी राहावे. शक्य असल्यास हॉटेलऐवजी एखाद्या घरगुती निवासात उतरावे, म्हणजे सकाळच्या न्याहारीच्या वेळी गप्पा होतात. बॅरा हे कॅथलिक बेट आहे. उत्तरेकडील लुईस आणि हॅरिसच्या प्रॉटेस्टंट परंपरेत रविवारी कामकाज थांबवण्याचा दंडक कडक असे, तसा तो इथे नाही. तरी रविवारी सकाळी प्रार्थना सुटल्यावर कॅसलबेच्या चर्चबाहेर माणसे रेंगाळतात, तेव्हा तिथे शांतपणे उभे राहिले तरी ही भाषा कानांवर पडण्याची संधी असते.

गाण्यांविषयी अधिक लिहावेसे वाटते. हाताने विणलेले लोकरी कापड आटवून घट्ट करण्यासाठी बायका लांब फळीभोवती बसून ते ओल्या अवस्थेत आपटत, घोळवत आणि त्या ठेक्यावर गात असत. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी पालुपद धरायचे. त्यात प्रियकर, बुडालेले भाऊ, शेजारणीची थट्टा, सगळे येते. जात्यावरची ओवी ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना श्रमाच्या लयीतून बायकांचे मन कसे मोकळे होते, हे वेगळे सांगायला नको. कापडाचे ते काम आता कारखान्यांत होते, पण गाणी टिकली आहेत. गेलिक संगीत आणि भाषा मुलांना शिकवणाऱ्या ‘फेश’ या उत्सवांची सुरुवात १९८१ मध्ये याच बेटावर झाली आणि पुढे ती कल्पना स्कॉटलंडभर पसरली. हा उत्सव साधारणपणे जुलैत असतो, म्हणजे आपल्या मुक्कामातच येतो. तारखा पाहूनच बोटीची तिकिटे काढावीत. ‘केली’ हा शब्द आता नाचगाण्याच्या कार्यक्रमाला लावतात, पण मुळात त्याचा अर्थ संध्याकाळी शेजाऱ्याकडे सहज जाऊन बसणे असा आहे.

जेवणाचे म्हणाल, तर इथला आहार मासे, शिंपल्या आणि मेंढीचे मांस यांचा. निवासाच्या ठिकाणी शाकाहाराची कल्पना आधी द्यावी किंवा स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. वाणसामान बोटीनेच येते आणि बोट चुकली की फडताळे रिकामी होतात, तेव्हा पोहे, मेतकूट आणि डाळ-तांदूळ बरोबर असलेले बरे.

प्रश्न : गेलिक ही इंग्रजीचीच एक बोली आहे, असे एका मित्राने सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. इंग्रजी जर्मानिक कुळातली, तर गेलिक केल्टिक कुळातली भाषा आहे. आयरिश आणि मँक्स या तिच्या सख्ख्या बहिणी. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ती आयर्लंडकडून स्कॉटलंडमध्ये रुजली. अठरा अक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या या भाषेचे आपल्याशी दूरचे नातेही आहे, कारण केल्टिक आणि भारतीय आर्यभाषा दोन्ही एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. संस्कृतातील ‘त्रि’ तिथे ‘त्री’ आहे. ‘मातृ’ आणि ‘भ्रातृ’ या शब्दांचे भाऊबंदही तिथे आई आणि भाऊ याच अर्थाने नांदतात. ऐकायची इच्छा असल्यास ‘तोबर अन दुआलखाइश’ या संग्रहात जुन्या पिढीच्या हजारो ध्वनिमुद्रित गोष्टी आणि गाणी इंटरनेटवर विनामूल्य आहेत. नाशिकच्या वाचिकांनीही निघण्यापूर्वी त्यांतली बॅरातली काही गाणी ऐकून जावे.