टोस्ट, लोणी आणि ते काळं चाटण

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नला असतो. या खेपेला सून येताना पिवळ्या झाकणाची ‘व्हेजेमाइट’ची बाटली घेऊन आली. मी हौसेनं जॅमसारखं ब्रेडवर भरपूर थापलं आणि पहिल्याच घासाला तोंड कडू-खारट झालं. तेव्हापासून बाटली फ्रिजमध्ये पडून आहे. सून म्हणते, तिकडे शाळकरी मुलंही आवडीनं खातात. हे नक्की खायचं कसं? शिवाय शेजारच्या काकू म्हणाल्या की ते दारूच्या गाळापासून करतात. आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे. चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी बाटली फ्रिजमधून बाहेर काढा. त्यात मीठच इतकं असतं की बाहेर ठेवली तरी बिघडत नाही, आणि थंडीनं ते घट्ट झालं की ब्रेडवर धड पसरत नाही, गोळाच बसतो.

आता खाण्याचं. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, लोणचं डाव्या बाजूला वाढतात. लोणच्याचा खार वाटीभर घेऊन कुणी भाजीसारखा खात नाही. या चाटणाची जागा तिथे आहे, डाव्या बाजूला. दिसायला जॅमसारखं आणि बाटलीही तशीच, म्हणून पहिल्यांदा खाणारा ते भरपूर लावतो आणि कायमचा दुरावतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण नीट लावलेला एक टोस्ट खाल्ला असता तर त्यातले निम्मे लोक आज रोज खात असते.

ब्रेड जाड हवा. बेकरीतून न कापलेला आख्खा ब्रेड आणून घरी बोटभर जाडीच्या चकत्या केल्या तर फारच छान. तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. कडा तपकिरी झाल्या पाहिजेत आणि मध्यभाग दाबला तर थोडा मऊ लागला पाहिजे. उतरवल्या उतरवल्या लोणी लावायचं, अगदी कोपऱ्यांपर्यंत आणि हात न आखडता. घरचं पांढरं लोणी असेल तर उत्तमच, कारण ते अळणी असतं. मग सुरीच्या टोकावर तुरीच्या दाण्याएवढं चाटण घ्यायचं आणि वितळत्या लोण्यावरून ओढत न्यायचं. काळसर रेघा उमटतात, मधून मधून लोणी दिसत राहतं. टोस्ट सगळाच तपकिरी झाला तर समजा की जास्त झालं. आधी लोणी लागतं, मग खारटपणा, आणि घास गिळल्यावर जिभेच्या मागे एक भरीव, आमटीसारखी चव रेंगाळते. तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

ही चव ग्लुटामेट नावाच्या द्रव्याची. टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ती वेगळी काढली आणि तिला ‘उमामी’ म्हटलं. आपलं टोमॅटोचं सार आटत आलं की जी खोली येते, तिच्यामागेही तीच.

शेजारच्या काकूंचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. बिअर करताना यीस्ट भराभर वाढतं आणि शेवटी खूप उरतं. ते आटवून खाता येईल हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. १९०२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंट या गावी ‘मार्माइट’ या अशाच चाटणाचा कारखाना निघाला, गावातच बास कंपनीची मोठी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, त्यामुळे यीस्ट हाताशी होतं. तुमचं व्हेजेमाइट त्याच्या मागाहूनचं. पहिल्या महायुद्धामुळे ऑस्ट्रेलियात मार्माइट येईनासं झालं, तेव्हा मेलबर्नच्या सिरिल कॅलिस्टर यांनी तिथल्या ब्रुअरीचं यीस्ट वापरून ते तयार केलं आणि १९२३ मध्ये ते बाजारात आलं. दोघांची कृती साधारण सारखीच : यीस्ट मीठ घालून कोमट ठेवतात, पेशी मरतात, आणि त्यांच्यातलीच पाचक द्रव्यं आतली प्रथिनं तोडून टाकतात. मग पेशींची टरफलं वेगळी काढून उरलेला रस दाट होईस्तोवर आटवतात. दारूचा अंश त्यात राहत नाही. यीस्ट ही बुरशीच्या कुळातली, ब्रेड फुगवणाऱ्या यीस्टचीच जात. तुमच्या घरात ब्रेड चालत असेल तर हे चालायला हरकत नाही. चवीला भाज्यांचे आणि मसाल्यांचे अर्क घालतात, म्हणून कांदा-लसूण वर्ज्य असेल तर लेबल वाचून घ्या. गहू-बार्लीतलं ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी मात्र यापासून लांबच राहावं, कारण हे यीस्ट बार्लीवर वाढलेलं असतं.

प्रश्न : माझ्या मुलीला तिसरा महिना आहे. तिला मार्माइट लावलेला टोस्ट आवडतो. त्यात फॉलिक ॲसिड असतं असं तिनं वाचलं आणि आता म्हणते, मग गोळीची काय गरज? तुम्ही काय सांगाल?
– एक आई, सहकारनगर

उत्तर : गोळी चालूच ठेवायची, एक दिवसही चुकवायची नाही. टोस्टही खाऊ द्या. पण तुमच्या मुलीला एक हकिकत जरूर सांगा, कारण ती ज्या गोळीला नको म्हणते आहे, त्या गोळीची वाट याच बाटलीतून निघाली, आणि तीही आपल्या मुंबईतून.

१९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज संशोधक मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात विलक्षण रक्तक्षय व्हायचा. तांबड्या पेशी संख्येनं कमी आणि आकारानं फुगलेल्या. अनेक जणी त्यातच जायच्या. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी काम सुरू केलं. रोगजंतू शोधत बसण्याऐवजी त्या बायका काय खातात हे त्यांनी पाहिलं, आणि तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन प्रयोग केले. आजारी माकडाला मार्माइट दिलं तर ते झपाट्यानं सुधारलं. मग त्यांनी तेच रुग्ण बायकांना दिलं आणि बायका बऱ्या होऊ लागल्या. त्या काळी दुसऱ्या एका रक्तक्षयावर यकृताचा शुद्ध केलेला अर्क देत. तो या बायकांना लागू पडत नव्हता. म्हणजे मार्माइटमध्ये त्याहून वेगळं काहीतरी होतं. १९३१ मध्ये त्यांनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. पुढे त्या द्रव्याला विल्स यांचंच नाव पडलं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या भाजीतून ते वेगळं काढलं गेलं आणि फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व म्हणून जगाला कळलं.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली, आणि नव्या मुलींना शिकवताना ही गोष्ट नेहमी सांगायचे. परळच्या त्या बायकांची नावं कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत, पण आज सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर बाईला जी लोहाची गोळी रोज मिळते, तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ते त्यांच्यामुळे.

टोस्टवरच्या तुरीच्या दाण्याएवढ्या चाटणातून एवढी मात्रा मिळणं शक्य नाही. आणि ती मिळवायला भरपूर खाल्लं तर मीठ पोटात जाईल.

आणखी एक, आणि हे मी कळकळीनं लिहिते आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर डॉक्टरांना विचारून मुलीचं बी-१२ हे जीवनसत्त्व तपासून घ्या. पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच भागातल्या आया आणि मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. आईच्या रक्तात फोलेट, म्हणजे तेच फॉलिक ॲसिडचं जीवनसत्त्व, भरपूर पण बी-१२ कमी असेल, तर त्याचा परिणाम मुलाच्या पुढच्या आरोग्यावर दिसतो, असं त्यांना आढळलं. इंग्लंडच्या मार्माइटमध्ये बी-१२ वेगळं घातलेलं असतं; साध्या व्हेजेमाइटमध्ये ते नसतं. बाटल्या सारख्याच दिसतात म्हणून गृहीत धरू नका.

प्रश्न : मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. खावं का?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : या चाटणांच्या १०० ग्रॅममध्ये ८ ते ११ ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसानं दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत राहावं. एका टोस्टवरचा ठिपका फार नाही, पण त्या दिवशी पापड, लोणचं, फरसाण बंद. लोणीही अळणीच घ्या. नैराश्यासाठी एमएओ प्रतिबंधक गटातलं जुनं औषध कुणाला चालू असेल तर मात्र एक कणही नको. या चाटणातल्या टायरामिन नावाच्या द्रव्यामुळे अशांचा रक्तदाब एकदम चढतो. गाउटचा त्रास असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मैत्रिणीमुळे मार्माइटची चटक लागली. पण बाटली महाग पडते. ती पुरवून वापरायची कशी, आणि टोस्टवर आणखी काय चांगलं लागतं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : चटक लागली हे वाचून आनंद झाला! मला ही गोडी ईस्ट स्ट्रीटवर राहणाऱ्या एका पारशी सहकारी बाईंनी लावली. त्या टोस्टच्या लांब पट्ट्या कापून अर्धवट उकडलेल्या अंड्यात बुडवायला देत. अंडं खात असलीस तर हे करून बघच. बलक आणि चाटण एकत्र आलं की वरून मीठ-मिरी काही लागत नाही.

नाहीतर काकडीच्या पातळ चकत्या. काकडी चिरून दोन मिनिटं फडक्यावर ठेव, पाणी सुटू दे, मगच टोस्टवर मांड. टोमॅटोही चालतो, पण पिकलेला आणि घट्ट हवा. चीज किसून झाकण ठेवून तव्यावर वितळवलंस तर चाटण निम्मंच घे, चीज मुळात खारट असतं. पिकलेल्या केळ्याबरोबर खाणारेही आहेत. मला ते पटत नाही. ज्वारीच्या भाकरीवर तर लावूच नये, भाकरीची स्वतःची गोडसर चव त्याखाली दबून जाते. तिला ठेचाच हवा.

पुरवायचं म्हणशील तर एक युक्ती आहे. अर्धा चमचा चाटण चार चमचे मऊ लोण्यात आधीच फेटून एका डबीत भरून ठेव. सकाळी घाईत प्रमाण चुकत नाही, आणि टोस्टवर सगळीकडे सारखं लागतं. डबी फ्रिजमध्ये ठेव, लोणी आहे त्यात. आणि बाटली संपली असं वाटलं की लगेच धुऊन टाकू नकोस. आत अर्धा कप कडकडीत पाणी घाल, झाकण लावून फडक्यात धरून हलव आणि ते पाणी मसूरच्या आमटीत किंवा मशरूमच्या रश्श्यात ओत. आमटीत मीठ त्याआधी घालायचं नाही; चव बघून मगच.