कर्नलच्या सोर्समध्ये शोधायचं कसं

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रोग्राममध्ये, कोडच्या कोट्यवधी ओळी आहेत, त्यामुळे फायली एकेक चाळत बसू नकोस. फायलींमधला मजकूर शोधणारी साधी 'ग्रेप' कमांड बाजूला ठेव, 'गिट ग्रेप' वापर. ते फक्त गिटमधल्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनातल्या) फायली बघतं. बिल्डचा कचरा, म्हणजे कोड कंपाइल करताना तयार झालेल्या फायली, मध्ये येत नाही.

नवखे अडतात ते मॅक्रोंपाशी, म्हणजे कंपाइल होण्याआधी ज्यांच्या जागी दुसरा कोड भरला जातो अशा नावांपाशी. फाइल उघडणाऱ्या 'सिस_ओपन' फंक्शनची व्याख्या त्या नावाने थेट सापडणारच नाही, कारण ते नाव 'सिसकॉल_डिफाइन' मॅक्रो जोडून बनवतो. 'सिसकॉल_डिफाइन३', पुढे कंस आणि 'ओपन' असं शोध, की 'एफएस' फोल्डरातली 'ओपन.सी' हाती लागेल. नाव सापडेना तर आधी मॅक्रोवर संशय घ्यायचा! ब्राउझरमध्ये उड्या मारत वाचायचं असेल तर बूटलिन कंपनीची एलिक्सर ही वेबसाइट छान आहे.

फक्त 'डॉक्युमेंटेशन' फोल्डर शोधून थांबू नकोस. बऱ्याच फंक्शनांची माहिती सी फाइलमध्येच, फंक्शनच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये असते.

एखादी ओळ का आली ते हवंय? बदलांचा इतिहास दाखवणाऱ्या 'गिट लॉग'ला कॅपिटल एसचा पर्याय दे आणि कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, संदेश नीट वाच. माझ्या मते खरं डॉक्युमेंटेशन तेच. हा इतिहास २००५ पासूनचाच आहे, त्याआधीचं मुख्य रेपोत (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) मिळत नाही.

विचारायचं कोणाला, ते 'मेंटेनर्स' फाइलमध्ये आहे.