‘मोदेर्न’ ग्रंथालय म्हणजे आधुनिक ग्रंथालय का?

प्रश्न असा आलाय की एका जुन्या लायब्ररीच्या फोटोखाली ‘इंटरवॉर मॉडर्न पब्लिक लायब्ररी’ अशी इंग्रजी ओळ आहे, त्यात मॉडर्नच्या शेवटी एक जास्तीचा ‘ई’ दिसतो, तो टायपो समजायचा का, आणि ‘आंतरयुद्धकालीन आधुनिक सार्वजनिक ग्रंथालय’ असं मराठी केलं तर चालेल का.

टायपो नाहीये. तो फ्रेंच शब्द आहे आणि इंग्रजीत तो मुद्दाम तसाच ठेवलाय. शेवटचा ‘ई’ उच्चारत नाहीत, म्हणून मराठीत ‘मॉडर्ने’ नको, ‘मोदेर्न’ लिहा. 1925 साली पॅरिसमध्ये सजावटीच्या आणि औद्योगिक कलांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या लांबलचक फ्रेंच नावात ‘आर देकोरातिफ’ (सजावटीच्या कला) हेही होतं आणि शेवटी ‘मोदेर्न’ही. गंमत म्हणजे आज आपण ज्या सजावटीच्या वास्तुशैलीला सरसकट आर्ट डेको म्हणतो तिचं ते नाव रूढ झालं 1960 च्या दशकात, त्या इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा लोक मोदेर्नच म्हणायचे.

आता ‘आधुनिक’. व्युत्पत्तीनं बघितलं तर जोडी झकास जमते, लॅटिन ‘मोदो’ म्हणजे आत्ताच, त्यावरून मॉडर्न, आणि संस्कृत ‘अधुना’ म्हणजे आता, त्यावरून आधुनिक, दोघं अगदी सख्खे भाऊ वाटावेत. पण घोळ तिथेच आहे, कारण ‘आता’ एका जागी थांबत नाही. आधुनिक ग्रंथालय म्हटलं की वाचणाऱ्याला कॉम्प्युटर आणि वायफाय दिसणार, नव्वद वर्षांपूर्वीची दगडी इमारत नाही.

मग ‘आधुनिकतावादी’? तेही नको, तो वेगळाच पंथ, सजावट नाकारणारा. मोदेर्नचं उदाहरण घ्या ना, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं मध्यवर्ती ग्रंथालय. बांधकाम 1912 मध्ये सुरू झालं, आराखडा जुन्या वळणाचा, भरपूर नक्षीचा, मग पैशाअभावी काम रखडलं ते रखडलंच. 1930 च्या दशकात गिथेन्स आणि कीली या वास्तुविशारदांनी ते हातात घेतलं, महागडी नक्षी काढून टाकली, दर्शनी भाग आतल्या बाजूला वळवून चुनखडीच्या दगडाचा सपाट, गुळगुळीत केला आणि 1941 मध्ये इमारत उघडली. पण सजावट गेली नाही हं! उंच प्रवेशद्वारावर काशाची जाळी आहे, तिच्यात अमेरिकन साहित्यातल्या 15 आकृत्या, बाजूला सोनेरी चित्रं. म्हणजे दागिने कमी केले, उतरवले नाहीत, हाच मोदेर्नचा स्वभाव. याउलट फिनिश वास्तुविशारद आल्व्हार आल्टोचं 1935 चं विपुरीचं ग्रंथालय (गाव तेव्हा फिनलंडमध्ये, आता रशियात, नाव व्हिबोर्ग) बघा. तिथे छतातले 57 गोल झरोके हीच काय ती शोभा, आणि तेही वाचणाऱ्याच्या पानावर सावली पडू नये म्हणून. याला खुशाल आधुनिकतावादी म्हणा.

‘आंतरयुद्धकालीन’चं काय? व्याकरणात बसतं, आंतरजातीय, आंतरराष्ट्रीय तसंच. पण घाईत वाचणारा त्याचं अंतर्युद्ध करतो आणि यादवी माजली होती की काय असं समजतो, माझंच एकदा झालंय! त्यापेक्षा ‘दोन महायुद्धांच्या मधलं’ लिहावं, लांब आहे पण कोणी अडखळत नाही.

सार्वजनिक ग्रंथालय आहे तसं राहू दे. वाचनालय म्हटलं तरी बिघडत नाही, फक्त वाचनालय म्हटलं की डोळ्यासमोर पेपर चाळायची खोली येते आणि या इमारती चांगल्याच दांडग्या असतात.

तर मी ओळ अशी करीन: ‘दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं, मोदेर्न शैलीचं सार्वजनिक ग्रंथालय’. यात ‘शैलीचं’ गाळू नका, नाहीतर लोक मोदेर्न हे गावाचं नाव समजतील.